बिननावाचा डोह

माझा बाप्तिस्मा उंबरडोहात झाला.
तेव्हा नेसू मार्च संपतानाही छातीला लागायची.
शिमोन पाळकांनी नाक धरून बुडवलं,
वर आलो तर एक मुऱ्या मासा
पायाचा अंगठा कुरतडत होता.
आई म्हणाली, हा पहिला साक्षीदार.

यंदा लेकीचा. यमीमा, सतरा वर्षांची.
पुनरुत्थानाच्या पहाटे मोबाइलच्या उजेडात
आम्ही नदीत उतरलो.
उतरलो म्हणायची सवय, नाहीतर चालतच गेलो.
उंबरडोहात गोटे होते, एक चप्पल,
वाळल्या शेवाळाचे पापुद्रे.
उंबर तिसऱ्या वर्षीच पडला.
मुळाखालची वाळू गेल्यावर
झाड कशाला धरून राहणार?

वाळू कुठे गेली, मला माहीत आहे.
नवापुरात ब्रासला काय भाव, तेही.
चर्चच्या नव्या हॉलला आठ ब्रास मी फुकट दिली,
पाळकांनी पुलपिटावरून नाव घेतलं:
मंडळीचे वडील, हबेल गावित.
सगळे आमेन म्हणाले. मीही.

"पुढे आहे की पाणी," शलोमीबाई बोलली,
मोहाची टोपली डोक्यावरून न उतरवता.
"हबेलच्या मशीननं केलंय."
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
तेच जास्त लागलं.

दीड पुरुष खोल. कडेवर
बकेटच्या दातांचे ओरखडे अजून ताजे.
हिरवट, हलत नसलेलं पाणी.
इथल्या प्रत्येक डोहाला नाव होतं,
उंबरडोह, म्हशीचा डोह, आंधळीचा डोह.
याला नाही. कुणी विचारलं
तर माझं सांगतात.

पाळक तरुण. त्यांनी काठीनं खोली पाहिली,
परत पाहिली,
कारण याकोबची शेळी इथेच गेली होती.
मग हात जोडून म्हणाले,
प्रभू, या पाण्यासाठी तुझे उपकार.
मला वाटलं, आता देव हाक मारणार,
पहिल्या माणसाला मारली होती तशी,
कुठे आहेस म्हणून.
त्याला लपायला निदान झाडं होती.

यमीमा बुडाली. फार वेळ वाटलं.
वर आली, दात वाजत, हसत,
पांढऱ्या साडीवर गाळाचा पट्टा,
आणि पहिलं बोलली ते हालेलुया नव्हे:
"बाबा, खाली काहीच नाही.
मासापण नाही एक."

मंडळीनं गीत धरलं.
टॉवेल घेऊन मी वाकलो, हात दिला,
तशी पायाखालची कड ढासळली
आणि मी आत, इस्त्रीच्या कपड्यांसकट,
खिशात ट्रॅक्टरची चावी.
"याचा दुसऱ्यांदा झाला," शलोमीबाई म्हणाली.
सगळे हसले. पाळकसुद्धा.

घरी खिसे उलटे केले.
मूठभर वाळू निघाली. ओल्या वर्तमानपत्रावर
ओट्यावर ठेवली आहे.
उद्या सोमवार. ट्रॅक्टर दारात उभा.
एवढी तर टाकून येतो, म्हटलं, परत.
चालतच.