हवाई अंतर

लातूरच्या धावपट्टीपासून नांदेडच्या धावपट्टीपर्यंत
सरळ रेघेत एकशे चोवीस किलोमीटर.
हे मला नूरोद्दीननं सांगितलं, फायरच्या गाडीवरच्या.
फोनवर बोटानं रेघ ओढली
आणि म्हणाला, वीस मिनिटं, बिराजदार, फार तर बावीस.
मग गाडीचं इंजिन चालू करून पाहिलं,
रोज पाहतो तसं, आणि बंद केलं.

ती रेघ रेणापूरवरून जाते,
अहमदपूर उजव्या हाताला सोडते,
लोह्याच्या डोक्यावरून सरकते.
एसटी अशी जात नाही. तिला चाकूर लागतं,
शिरूर ताजबंदला चहा लागतो,
माळाकोळीला कोणाचं तरी पोतं डिकीत घालायचं असतं.
चार तासांनी भाकरी पोचते,
चटणीचं तेल फडक्याबाहेर आलेलं,
आणि शिवकन्या फोन करते : मिळालं बाबा.

ती तिथं काउंटरला असते.
लोकांच्या बॅगा काट्यावर घेते, खिडकीची जागा देते.
मी इथं गवत कापतो, कुत्री हाकलतो,
वाऱ्याचा मोजा फाटला तर दाभणानं शिवतो.
दोघंही विमानतळाची माणसं.
विमानात अजून कोणीच बसलेलं नाही.

एकदा तिच्याकडं एक आजोबा आले,
मुखेडकडचे असावेत, हातात तारेची पिशवी.
म्हणाले, लातूरचं एक द्या.
ती म्हणाली, लातूरला विमान जात नाही.
मग तिथं विमानतळ कशाला केलंय?
हे तिनं मला विचारलं, रात्री, हसत.
मी म्हणालो, मला कामाला ठेवायला.

मे महिन्यात पट्टीच्या कडेला, खडीत,
टिटवीनं चार अंडी घातली.
खडीसारखीच. पाय पडता पडता राहिला.
तेव्हापासून तिथलं गवत मी सोडून देतो.
जवळ गेलं की ती उडते,
डोक्यावर ओरडत एक फेरी, परत तिथंच.
आमच्याकडचं नियमित उड्डाण ते एवढंच.

त्याच आठवड्यात शिवकन्याचा फोन.
"काय करलालाव बाबा? बाहेर या.
गोव्याचं निघालंय, तुमच्या वरूनच जाणार,
पायलटला विचारलं मी.
हां, उडालं. घड्याळ बघा."
पाच वाजून एकेचाळीस.

मी मधोमध जाऊन उभा राहिलो,
पांढऱ्या पट्ट्यावर, जिथं उभं राहू नका म्हणून
मीच लोकांना दम देतो.
नूरोद्दीननं गाडी बाहेर काढली, उगंच.
नऊ मिनिटं.
चौदा.
डांबराची धग चपलेतून वर येत होती.
अठराव्याला ईशान्येला एक टाचणी चमकली,
बाविसाव्याला माथ्यावर.
आवाज मागाहून आला.
मी हात केला. करताना कळलं,
ती त्यात नाही, ती काउंटरला आहे.
तरी हात खाली घ्यायला जरा वेळ लागला.

फोन चालूच होता.
"दिसलं?"
"दिसलं."
"किती लागले?"
"बावीस."
"एवढंच तर आहे की," ती म्हणाली,
आणि तिकडं कोणीतरी विचारलं
पंधरा किलोच्या वर किती पैसे.

रात्री रजिस्टर भरलं.
आगमन, निरंक. प्रस्थान, निरंक.
शेऱ्याच्या रकान्यात रोज आडवी रेघ मारतो.
तशीच मारली.
उजवीकडं जाता जाता
जरा वर चढली.