अकरावी गाय

अल-ऐनच्या शाळेचं पत्र आलंय लिंडेल्वाला.
भौतिकशास्त्र, नववी ते बारावी.
पगार दिरहममध्ये, त्यावर कर नाही.
सोबत नवरा एक, मुलं दोन
आणता येतील, असं खाली लिहिलंय,
सामानाच्या किलोंच्या लगेच वरच्या ओळीत.

मी फ्रीज दुरुस्त करतो, कोमानीत,
टॅक्सीतळामागच्या गल्लीत.
तिथे माझ्या व्हिसावर शब्द असेल: अवलंबित.
ती म्हणाली, "नुसता शब्दच आहे, वुयो."
मी म्हणालो, "हो."
आणि कॉम्प्रेसरचा एक स्क्रू
बराच वेळ आवळत बसलो,
तो आधीच घट्ट होता.

रात्री वीज गेली, वेळापत्रकाप्रमाणे.
मेणबत्तीशी तिने वहीचं मागचं पान उघडलं,
मधोमध रेघ मारली.
डावीकडे: धाकट्या भावाची नर्सिंगची फी,
घराचे हप्ते, मुलीचा चष्मा,
एका वर्गात बासष्ट पोरं, एका बाकावर चार.
"उजवीकडे तुझं काय ते लिही."
मी लिहिलं: आईचे गुडघे.
मग लिहिलं: ती बासष्ट पोरं,
त्यांना मग कोण शिकवणार?
तिने वाचलं. काही बोलली नाही.
मेणबत्तीची काजळी तेवढी
नखाने खरवडत राहिली.

लुथो नऊ वर्षांचा. त्याचा प्रश्न एकच:
तिथे थंडीत सकाळी गवत कडक होतं का,
बुटाखाली वाजतं का?
अखोनाने फोनवर फोटो बघून सांगितलं,
तिथे गवताला नळाने पाणी घालतात.
"मग नाही वाजणार," म्हणाला,
आणि जेवायला लागला.

आईला मीच सांगितलं.
शेंगा सोलता सोलता ती म्हणाली,
"तुझा बाप खाणीवर गेला
तेव्हा मला कुणी पत्र दाखवलं नव्हतं.
जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही,
ट्रंकेची कडी लावून दिली, झालं.
अकरा महिने तो तिकडे, एक महिना इकडे.
असा संसार झाला आमचा.
आता बाई पुढे आणि तू मागून.
बरंय. निदान चौघं एका छपराखाली भांडाल."
तिचे गुडघे कुठल्याच रकान्यात बसत नव्हते,
आणि ते तिला ठाऊक होतं.

मग कागदांची यादी आली.
तिसऱ्या क्रमांकावर: विवाहाचा दाखला, साक्षांकित.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
चौदा वर्षांचा संसार, दोन मुलं,
अकरा गाई ठरल्या होत्या,
चार चालत गेल्या, सहांचे पैसे दिले,
पण सरकारला कळवायचं राहूनच गेलं.

गुरुवारी रांगेत उभे राहिलो,
साक्षीला तिचा मामा, कालाहून पहाटेच्या टॅक्सीने,
कोट घालून.
खिडकीतल्या बाईने विचारलं, "लग्नाची तारीख?"
मी सांगितली गाई पोचल्या तो दिवस.
लिंडेल्वाने सांगितला
आमच्या घरी तिला मेंढीचा पहिला घास दिला तो.
मध्ये सात महिने.
"एकच लिहा," बाई म्हणाली,
"पण आत्ता नको, सिस्टीम बंद आहे."

चौऱ्याऐंशी नंबरचं टोकन घेऊन
आम्ही भिंतीकडेला बसलो.
मामाने कोटाची बटणं सोडली.
"आलोच आहे तर विचारतो," म्हणाला,
"अकरावी गाय कुठाय?"

मी चपलेकडे बघितलं.
लिंडेल्वा हसत म्हणाली,
"देऊ, मामा. दिरहममध्ये देऊ."

देऊ.
असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं,
तिनेही नाही, मीही नाही.
तिला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे,
ती टोकनची घडी घालत होती,
घडीवर घडी.

मामा मात्र गंभीर झाला.
"एक गाय म्हणजे किती दिरहम?"
जरा मोठ्यानेच विचारलं त्याने,
आणि रांगेतल्या कुणा अनोळखी बाईने
पिशवी खाली ठेवून, फोन काढून
हिशेब करायला घेतला.
"दुभती की भाकड?" तिने विचारलं.