दीड हिसका

संकेश्वरच्या अलीकडे, कारखान्याच्या मागल्या अंगाला
मळीची टाकी नंबर तीन.
सीझन संपून ती रिकामी झाली
की दुंडाप्पा आत उतरायचा,
मी बाहेर, मॅनहोलशी, दोरी धरून.

तो कानडी, मी मराठी.
पण आत बोललेलं बाहेर येईपर्यंत
कुठल्याच भाषेचं राहत नसे,
नुसता घुमारा, रिकाम्या हंड्यातला.
म्हणून दोरी.
एक हिसका : बरं हाय.
दोन : ओढ.
बावीस वर्षं आम्ही या दोन शब्दांवर काढली.

पत्रा तो हातोडीनं वाजवून बघायचा.
खणखणला की पुढं,
भद्द वाजला की छिन्नीनं बारीक फुली.
साहेब विचारत, किती एमएम उरलाय?
दुंडाप्पा म्हणायचा, "भाकरीएवढा."
कधी, "पापडाएवढा."
पापड म्हटला की त्याच उन्हाळ्यात पत्रा बदलत.

यंदा उद्यमबागेतून त्रिशला आली.
ओढ्यातून खेकडा काढावा तसं पेटीतून यंत्र काढलं,
चार चाकं, चाकांत लोहचुंबक,
पोटाखाली पाण्याची बारीक धार.
भिंतीला लावलं आणि गेलं वर, पालीसारखं.
वास नाही त्याला, घुसमट नाही,
चंची बाहेर माझ्याकडे ठेवायची नाही.
सहा पॉइंट एक. सहा. पाच पॉइंट आठ.
ती आकडे बघते, पत्र्याच्या सावलीत बसून.
मला दिलंय केबल सोडायचं काम.
"अडकू देऊ नका, मामा. तेवढंच."

तेवढंच तर येतं मला.

केबल हातातून जाते,
दोरीपेक्षा गुळगुळीत, पलीकडं वजनच नाही.
चौथ्या पट्ट्याशी थांबली.
थांबली म्हणजे थांबलीच.
माझ्या हातानं, मला न विचारता,
एक हिसका दिला.

"मामा, ओढू नका ना, रीडिंग हलतं."

स्क्रीनवर दोन पॉइंट तीन.
आणि शेजारी, गंजाच्या पापुद्र्याखाली,
एक फुली. तिची एक रेघ अर्धवट.
"ही कुणी मारलीय?"
मी म्हणालो, "पापडाएवढा."
ती हसली, आकडा लिहून घेतला.

त्या साली आतून दीड हिसका आला होता.
दीड म्हणजे काय
ते आमचं ठरलेलं नव्हतं.
मी उरलेल्या अर्ध्याची वाट बघत राहिलो.

केबल पुन्हा सरकायला लागली.
"सोडा मामा, सोडा," त्रिशला म्हणाली,
"अजून अर्धी टाकी राहिलीय."