उताणे

पहाटे चारला शेड नंबर तीन.
चारशे फूट लांब, डोळ्यांत अमोनियाचा झणका,
हातात बादली, कपाळावर दिवा.
बावीस दिवसांपूर्वी
ही पिल्लं माझ्या ओंजळीत दोन-दोन मावत होती.
आता एकेकाला दोन हात लागतात
आणि आवाज अजून पिल्लाचाच : चिव, चिव.

पहिला सापडतो पाण्याच्या नळीपाशी.
उताणा. पाय वर, मान ताणलेली,
गळ्याची पिशवी दाण्यांनी टच्च.
आजारी नव्हता. काल सगळ्यांत दांडगा हाच असणार.
एकदा फडफडला असेल, एकदा ओरडला असेल,
मिनिटभरही नाही.
शेजारचे खातच राहिले.

दुसरा. तिसरा.
चौथ्याचं पोट पखालीसारखं डुचमळतं.
त्याचं निराळं : काळीज दमलं की पोटात पाणी उतरतं.
तो कार्डावर दुसऱ्या रकान्यात.

कंपनीचा वेन्डेल बुधवारी येतो,
कार्ड बघतो, टोपी मागे सारतो.
"उताणे मरतायत म्हणजे अंग चांगलं धरतायत, मिसेस शाँग.
एकही नसता तर मला काळजी वाटली असती."
मग म्हणतो, दिवे अजून दोन तास बंद ठेवा,
अंधारात खात नाहीत, काळजाला सवड मिळते.
हवामान सांगावं तसं सांगतो,
आणि त्याची गाडी ओक्लाहोमाच्या धुळीत जाते.

सासरे वामेंग, लाओसच्या डोंगरातले.
आजाऱ्याचा भटकलेला जीव
दारात उभं राहून हाका मारून परत आणायचे.
त्यासाठी लागायचा अंगणात वर्षभर हिंडलेला कोंबडा;
तो उकडून त्याची नखं वाचायची,
जीव घरी पोचला की नाही.

एकदा बादलीतला एक त्यांच्यापुढे धरला.
तळपाय ओल्या भुशाने काळे जळलेले.
त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"ही अक्षरं नाहीत. हे डाग आहेत."
भात संपल्यावर, कुणी विचारलं नसताना, म्हणाले,
"ह्याचा जीव भटकलेला नाही.
अंग पुढे पळालं.
जीव मागे आहे अजून, मुठीएवढा, पिवळा,
चालत येतोय."

काल मी दिवे दोन तास आधी मालवले.
ते सपाता घालून शेडच्या दारात आले,
कठड्याला धरून उभे राहिले, आणि हाका मारू लागले,
आमच्या भाषेत, हलक्या आवाजात :
ये, थंडी आहे, ये, दार उघडं आहे.
चोवीस हजार जण आत गप्प झाले.
मला भीती वाटली की कुणीतरी दचकून मरेल.

आज अकरा.
काल चौदा होते, परवा नऊ.
मी अकरा लिहिलं, पेन्सिल खिळ्याला अडकवली.
वेन्डेलला ह्यातलं काही सांगणार नाही.