एक ठोका कमी

रात्री अकरानंतरच लिहायला घेते मी.
त्याआधी पाषाण रस्त्यावर डंपर असतात
आणि जुलै लागला की पलीकडच्या मैदानात
पथकाचा सराव.
ढोल पडला की इलेक्ट्रॉनची सुई थरथरते,
भोकांची ओळ
पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखी वर चढत जाते.
वॉचमन दुर्गुळे म्हणतात,
मॅडम, विसर्जनापर्यंत रजाच टाका.

लिहायचं म्हणजे भोकं पाडायची.
गॅलियम आर्सेनाइडचा पापुद्रा,
केस उभा चिरून साडेतीनशे पदर काढले
तर एका पदराएवढा.
त्यावर भोकांच्या रांगा, मधमाशीच्या हिशेबानं,
आणि मधोमध सलग तीन भोकं
पाडायची नाहीत.

बस.
त्या न पाडलेल्या जागेत प्रकाश राहायला येतो.
चहूकडे जाळी, आणि जाळीतून
त्याच्या रंगाला वाट नाही.

सात नमुने आम्लात फाटले.
चार सुकताना तळाला चिकटले,
ओलं धोतर पोटरीला चिकटावं तसे.
दोन धडधाकट होते, फक्त पेटले नाहीत.

थंड पेटीत चिपखाली ठेवायला तांब्याचा ठोकळा हवा होता.
कंपनी म्हणाली, दहा आठवडे.
मी तांबट आळीत गेले.
रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच उतरवलं,
आत रिक्षा वळत नाही म्हणाला.

दत्तोबा वडके घंगाळ मठारत होते.
ठोक्याला ठोका लागून, ओळीला ओळ.
माझे कान दहा मिनिटांत बधिरले,
त्यांचे चाळीस वर्षांपूर्वीच.
ते ओठ वाचतात,
आणि भांडं वाजतंय कसं ते तळव्यानं.

काय बसवणार यावर?
दिवा.
केवढा?
मी नखातला मळ दाखवला. याहून बारीक.

हसले नाहीत.
घंगाळ उजेडाकडे फिरवलं:
हे बघा, इथं एक ठोका राहिलाय. पोराचा हात.
बाकी हजार नीट असू द्यात,
नजर इथंच येऊन बसते.
उठत नाही.

चार वर्षं आणि एक शिष्यवृत्ती
लागली होती मला एवढं कळायला.

मग काय करता?
काय करायचंय. शेजारचे दोन
जरासे लांब सरकवायचे. मग खुपत नाही.

हे छापील होतं, मी वाचलेलंही होतं:
कडेची भोकं किंचित बाहेर घ्या,
प्रकाश भिंतीवर आपटू देऊ नका,
त्याला हळू वळू द्या.
खाली रेघही मारली होती पेन्सिलीनं.
पण रेघ मारणं वेगळं.

चौदावा नमुना. पहाटे तीन दहा.
दिसलं काहीच नाही,
तो रंग डोळ्यांच्या पलीकडचा.
पडद्यावर फक्त एक सुई उभी राहिली,
बारीक, एकटी,
आणि विजेचा आकडा वाढवला तशी उंच होत गेली.
मी दुर्गुळ्यांना उठवायला गेले
आणि दारातूनच परत आले. काय दाखवणार?

दुसऱ्या आठवड्यात तारा उलट्या जोडल्या.
बोलणारा तोच, आता ऐकायला बसला.
एवढा पातळ पदर, एका फेरीत
त्याला काही म्हणजे काही कळत नाही.
पण आत शिरलेला उजेड सुटत नाही लवकर,
तेच तेच सांगत राहतो, हजारदा, पाच हजारदा,
आणि कुठल्याशा फेरीला
एक इलेक्ट्रॉन हलतो.
आई फोनवर तेच तेच सांगते तेव्हा
मी पहिल्या फेरीतच हं म्हणते.

ठोकळ्याचे साडेचारशे झाले.
वडक्यांनी वहीचं पान फाडून पावती दिली:
तांबे ठोकळा नग १, दिव्याखाली ठेवणेसाठी.

लेखा विभागानं ती परत पाठवली आहे.
शेरा असा, की
कोणता दिवा, ते नमूद नाही.