शंभर

आज रजिस्टरात सहा लाख शेअर मारले.
मारले म्हणजे काय, फाडायला आता कागदही नसतो.
रकान्यातला आकडा एक कोटीवरून
चौऱ्याण्णव लाखांवर उतरला,
आणि अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात
कुठे खुट्टही झालं नाही.

साहेबांनी पेढे वाटले.
बायबॅक फत्ते, शेअरला दोनशे चाळीस!
चौदा कोटी चाळीस लाख गेले.
नव्या मागांच्या शेडचा पाया तसाच उघडा,
त्यात एक बाभूळ आता कमरेला लागते.

मार्चअखेर दुसरी फाइल आली, पातळ.
स्टॉक ऑप्शन. नऊ नावं.
चार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेला दर : साठ.
पाच लाख नवे शेअर मीच चढवले,
त्याच पेनानं.
चौऱ्याण्णव आणि पाच, नव्याण्णव.

घरी नायना जेवायला बसलेले.
चौतीस वर्षं बीम भरली त्यांनी,
कंपनी बाजारात आली त्या साली
कामगार म्हणून शंभर मिळाले होते.
"माझे किती राहिले गं, राज्यम?"
"शंभरच."
"मग एवढा पेढा कशाचा?"

म्हटलं, ताण्यातून धागे काढले,
तर उरलेल्या प्रत्येकाला जागा जास्त येते.
तशी तुम्हाला आली.
मग कडेनं नवे ओवले, स्वस्तातले.
"पन्हा तोच?"
"नाही. थोडा आखडला. काढलेल्यांचे पैसे
कापडातूनच दिले ना."

पीसरेटवर जन्म काढलेला माणूस.
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरला :
चौदा चाळीस गेले, तीन आले,
अकरा कोटी चाळीस लाख जळले
आणि कमी झाले फक्त एक लाख.
"म्हणजे एक शेअर अकराशे चाळीसला पडला.
इतका महाग धागा
मी नाही बघितला, पोरी."

मग धागे मोजायचं जुनं भिंग काढून
अहवालातल्या त्या ओळीवर ठेवलं.
शून्यं तेवढी मोठी दिसली.

"त्या नऊ जणांत
वार्पिंगचं कुणी?"

मी हात पुसायला टॉवेल दिला.
आमच्याच कंपनीचा, सेकंड,
काठाला एक धागा सुटलेला.
त्यांनी तो ओढला नाही.
बोटाला गुंडाळून
बराच वेळ बसून राहिले.