तीन नंबरची खिडकी

इस्मेनिया, फेरीबोटीच्या इंजिनाची नोंदवही
मी निवृत्त होताना ढापून आणली होती, तुला ठाऊक आहे.
तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, सामुद्रधुनीतली हवा,
त्या रकान्यांत आता फोन नंबर आहेत.
पहिला, इस्पितळातल्या बाईंचा.
म्हणाल्या, असं यंत्र असतं खरं,
चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलतं.
कुठे मिळतं,
ते त्यांच्या कागदावर नव्हतं.

मग तीन नंबरची खिडकी.
काचेआडचा मुलगा सभ्य होता, हेच वाईट,
शिव्याही देता येईनात.
दाखला लागेल, म्हणाला.
दाखल्याचे डॉक्टर सान्तियागोहून येतात, मार्चमध्ये.
वाऱ्यामुळे विमान उतरलं नाही
तर पुढच्या मार्चमध्ये.
आणि आजोबा, अर्जदाराने स्वतः फोन करून
नाव नोंदवायचं असतं.
मी म्हटलं, अर्जदाराला बोलता येत नाही,
म्हणून तर अर्ज आहे.
त्याने मान हलवली, मनापासून हलवली.
पडद्यावरचा रकाना काही त्याला
रिकामा सोडता येईना.

घरी तू खुर्चीत. बोट काचेकडे, डोळे माझ्याकडे.
मला वाटलं, समुद्र.
चाळीस वर्षं मी पलीकडे जायचो-यायचो
आणि तू इथून बोटीचा दिवा ओळखायचीस,
असं पाहुण्यांना सांगायचीस तूच.
मी खिडकी सताड उघडून द्यायचो.
रोज सकाळी.
जूनमध्येही, पुंता अरेनासच्या जूनमध्ये.
तू डोळे मिटून घ्यायचीस.
मला वाटायचं, सुख.

वहीची अकरा पानं भरली.
एका नंबरावर संगीत वाजायचं,
एकावर एक बाई म्हणायची, तुमचं म्हणणं
टोननंतर स्पष्ट शब्दांत सांगा.
एक संस्था बंद पडली होती, पण तिचा रखवालदार
बिचारा अर्धा तास बोलला, त्याच्या गुडघ्यांबद्दल.

शेवटी पत्ता लागला पावाच्या रांगेत.
बेकरीवाली मिलेना वहीत डोकावून म्हणाली,
हे होय? हे तर चर्चच्या गराजमध्ये.
आपल्या घरापासून दोन गल्ल्या, इस्मेनिया.
काखेत कळसा, आणि मी वळसे घालत होतो
थेट सान्तियागोपर्यंत.

गराजमध्ये नोएमी, चाकांच्या खुर्चीत,
मांडीवर चाव्यांचा जुडगा.
फळ्यांवर जाड मुठीचे चमचे, भिंगं,
बहिऱ्यांसाठी उजेड पाडणारी दाराची घंटा,
एकाच हाताने बांधता येणाऱ्या नाड्यांचे बूट.
प्रत्येक वस्तूला दोऱ्याने कार्ड,
कार्डावर आधीच्या माणसांची अक्षरं.
एका चमच्याच्या कार्डावर:
चांगला आहे. सूप सांडत नाही. बाबा गेले, म्हणून परत.

दाखला? मी विचारलं.
नाव आणि पत्ता, ती म्हणाली.
सहा आठवड्यांनी आणून द्या, नाहीतर मी येईन,
आणि तुमच्या दाराला पायऱ्या असतील
तर रस्त्यावरूनच ओरडेन.
आपल्या दाराला चार पायऱ्या आहेत.
मी काही बोललो नाही.

तर ते यंत्र. कोपऱ्याला तडा गेलेलं,
आवाज कुणा स्पेनमधल्या बाईचा,
बातम्या दिल्यासारखा, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली.
पहिल्यांदा ऐकून तुझ्या तोंडाची चांगली बाजू हसली.
मग तुझं बोट निघालं,
वादळात धक्क्याला लागणाऱ्या बोटीसारखं,
पुढे, मागे, पुन्हा थोडं पुढे.
मी घड्याळाकडे बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं.
वीस मिनिटं.

खिडकी, म्हणाली ती बाई.
मी आनंदाने उठलो उघडायला.
बंद, म्हणाली ती बाई.
थंडी.
आणि मग बऱ्याच वेळाने, पानं उलटत उलटत,
शोधून काढलेला एक शब्द:
रोज.

मी कडी लावली. वारा बाहेर राहिला.
एवढे महिने तो घरात किती बडबडत होता,
हे तो गप्प झाल्यावर कळलं.
माफी मागायला मी तोंड उघडलं,
तर तू हात वर केलास, थांब.
तू पुढच्या पानावर
काहीतरी शोधत होतीस.